एक कमी

दिवस मावळतीला टेकला की आमच्या घरात मोजणी सुरू होते. कोंबड्या आपापल्या पायांनी खुराड्यात जातात. त्यांना हाकलावं लागत नाही, बोलवावं लागत नाही. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक असतं; माणसासारखी ती ‘अजून थोडा उजेड आहे की’ म्हणत बांधावर रेंगाळत नाही. दार लावण्याआधी सगळ्या भरल्या का, एवढंच बघायचं माणसाकडे उरतं. हे एका माणसाचं काम आहे. आमच्याकडे ते सहा माणसं करतात.

आप्पा काठीचं टोक एकेकीवर रोखून मोजतात. आई आकडा मोजत नाही, रंग मोजते. ‘तांबड्या सात, करड्या पाच, ठिपक्याच्या चार’ अशी तिची उजळणी चालते आणि शेवटची बेरीज ती देवावर सोडते. बायको जोड्यांनी मोजते. लेक सातवीत आहे, ती मोबाईलवर फोटो काढून मग घरात जाऊन मोजते, तोवर खुराड्यातल्या जागा बदललेल्या असतात. धाकटा नावं घेऊन हजेरी लावतो. मी व्यवसायानं शाळामास्तर, हजेरी घेणं हे माझ्या पोटापाण्याचं काम, म्हणून माझा आकडा प्रमाण मानावा अशी माझी रास्त अपेक्षा. ती आजवर कुणी मान्य केलेली नाही. सहा जणांचे निदान तीन आकडे येतात, त्यांतला सर्वांत लहान आकडा खरा धरायचा असा घरातला अलिखित नियम आहे, आणि तो आकडा बहुधा एकानं कमी असतो.

‘एक कमी हाय,’ आप्पा म्हणतात, आणि मग आम्ही सगळे बॅटऱ्या घेऊन अडीच एकरात पसरतो.

खटाव तालुक्यातली ही अडीच एकर जमीन. पाऊस आमच्याकडे येतो तो सह्याद्रीवर सगळा रिकामा होऊन, रिकाम्या हातानं भेटायला आलेल्या पाहुण्यासारखा. ज्वारी, बाजरी, थोडा घेवडा, विहिरीला पाणी असेल त्या वर्षी कांदा. कोंबड्या माझ्या आजीच्या वेळेपासून अंगणात होत्याच, पण त्या कुणी ‘पाळल्या’ नव्हत्या. त्या होत्या, जशी चूल होती, जसं जातं होतं. मध्ये काही वर्षं अंगण ओस पडलं आणि 2020 साली, शाळा बंद आणि आम्ही सगळे घरात, तेव्हा मोटारसायकलला जाळीचे खोके बांधून पिल्लं विकणारा एक माणूस दारात उभा राहिला. अस्सल गावरान, सगळ्या माद्या, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. दहा घेतली. चार महिन्यांनी पहाटे सात जणांनी एकदम बांग दिली.

त्या खालोखाल धाकट्यानं यात्रेतून आणलेलं गुलाबी पिल्लू. ही रंगवलेली पिल्लं कुठून येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. अंड्यांसाठी पाळायच्या जातीत नराचा काही उपयोग नसतो. तो अंडी देत नाही आणि मांसही धरत नाही. तेव्हा उबवणीघरातून ही नर पिल्लं मातीमोल भावानं बाहेर पडतात आणि हिरव्या, गुलाबी, जांभळ्या रंगात बुडवून पोरांना विकली जातात. आमचं गुलाबी पिल्लू पंधरा दिवसांत पांढरं झालं. धाकट्याला वाटलं, ते आजारी पडून फिकं झालं. त्यानं त्याला हळद लावली. काही दिवस ते पिवळं होतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना ऊब लागते. आई नसलेल्या पिल्लांसाठी बल्ब लावून जी व्यवस्था करतात तिला शेतीच्या पुस्तकांत ‘कृत्रिम दाई’ असं भारदस्त नाव आहे. आमची कृत्रिम दाई म्हणजे जुन्या कुलरचा खोका, खाली साळीचा तूस आणि वर शंभराचा दिवा. तो दिवा शोधायला मी तालुक्याची चार दुकानं फिरलो. सगळीकडे एलईडी. ‘साहेब, हा घ्या, अजिबात तापत नाही,’ असं जो तो अभिमानानं सांगे, आणि मला तर तापणाराच हवा होता. वीज वाचवण्याच्या नादात जगानं ऊब टाकून दिली आणि उजेड तेवढा ठेवला, असा एक विचार तिथे काउंटरवर माझ्या मनात आला. पण दुकानदार घाईत होता. शेवटी पाचव्या दुकानात फळीच्या मागे धूळ खात पडलेले दोन दिवे निघाले. आईला हा सगळा खटाटोप बघून हसू येत होतं. ‘एक खुडूक कोंबडी हुडकायची सोडून तू दिवं हुडकत बसलास,’ ती म्हणाली.

खुडूक कोंबडी हे काय प्रकरण आहे ते घरात असल्याशिवाय कळत नाही. एरवी चुकचुकत, घाबरत फिरणारी कोंबडी एक दिवस अचानक अंड्यावर बसते आणि उठायचं नाव काढत नाही. डोळे एका जागी लागलेले, पिसं फुलवलेली, जवळ गेलं की पोटातून घर्र असा आवाज. ती दिवसातून एकदाच उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत गडबडा लोळते आणि परत बसते. उबवणीचे एकवीस दिवस ती हे पाळते. आमच्या घरात कुणी एकवीस दिवस कुठलंही व्रत सलग पाळल्याचं मला आठवत नाही. मी साखर सोडली होती ती सहा दिवस.

अडचण अशी की कोंबडी खुडूक होते ती तिच्या मनानं, आपल्या सोयीनं नाही. ऐन आषाढात अंड्याला मागणी आणि चार कोंबड्या एकदम खुडूक, असंही होतं. खुडूक झालेली कोंबडी अंडी घालत नाही. तिचं खूळ काढायचे नाना इलाज गावात आहेत. पाण्यात बुचकळायची, डालग्याखाली झाकून ठेवायची, नाकपुडीत तिचंच एक पीस आरपार घालायचं. ते पीस घातलेली कोंबडी आईनं एकदा दाखवली, तेव्हा मिशा फुटल्यासारखी ती अंगणभर फिरत होती आणि धाकटा दिवसभर तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणत होता. संध्याकाळी ती त्या मिशांसकट परत अंड्यांवर बसली. तेव्हापासून आम्ही इलाज सोडले.

बसवताना अंडी विषम ठेवायची, अकरा नाहीतर तेरा, आणि विजा चमकतात त्या दिवसांत खाली एक लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवायचा, हे आईचं शास्त्र. लेकीचं शास्त्र वेगळं. सातव्या दिवशी रात्री ती मोबाईलचा उजेड एकेका अंड्याखाली धरते. ज्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात ते अंडं भरलेलं, जे नुसतं पिवळसर उजळतं ते वांझ. आईनं नाक मुरडलं, मग चष्मा आणायला सांगितला, मग तेराच्या तेरा अंडी स्वतः बघितली. आता कोंबडी बसवली की सातव्या दिवसाची आठवण आईच करून देते. खिळा मात्र अजून ठेवतात. लेकीनंही त्याला हरकत घेतलेली नाही.

विसाव्या दिवशी अंड्याला कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. पिल्लू अजून कवचात असतं आणि बोलायला लागलेलं असतं, आणि वर बसलेली कोंबडी त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही सहा जण खुराड्यापुढे ओळीनं उकिडवे बसलो होतो. कुणी कुणाशी बोललं नाही, हा आमच्या घरातला विक्रम. नंतर मला कळलं की बाहेर आलेलं पिल्लू दोन-अडीच दिवस काही न खाता राहू शकतं, कारण बाहेर येण्याआधी उरलेला पिवळा बलक ते पोटात ओढून घेतं. हे वाचून मी घरात मोठ्यानं सांगितलं. बायको म्हणाली, ‘म्हणजे शिदोरी घेऊनच येतंय की.’ माझ्या परिच्छेदाचं तिनं एका शब्दात काम तमाम केलं.

आता हिशेब. मी एक वही घातली आहे. पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर जमा, तिसऱ्यावर खर्च. चौथ्या पानानंतर वही लेकीनं चित्रांसाठी नेली, पण तेवढ्यावरूनही अंदाज येतो. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तीही चाळीसेक ग्रॅमची. पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या आसपास देते. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून कोंबडी रोज थोडं थोडं उशिरा घालत जाते, आणि उशीर फार झाला की एक दिवस खाडा करते. सरकारी नोकरीत हेच चालतं, पण तिथे ते जीवशास्त्र मानत नाहीत. पोल्ट्रीच्या अंड्याचा शेकड्याचा भाव राष्ट्रीय अंडी समन्वय समिती जाहीर करते. 1982 साली स्थापन झालेली संस्था आहे, ‘संडे हो या मंडे’वाली. आमच्या अंड्यांचा भाव आई जाहीर करते. माणूस दारात आला, त्यानं चप्पल कशी काढली, घरच्यांची चौकशी केली की नाही, यावर तो ठरतो. बाळंतिणीसाठी मागितली तर भाव नाहीच. आणि आमच्या गावात, मला असं दिसून आलं आहे, बाळंतिणी फार.

अंड्यांचे पैसे आईचे. हे कुणी ठरवलं नाही. आजीच्या वेळीही ते आजीचेच होते. कांद्याचे, ज्वारीचे, दुधाचे पैसे घरात येत ते आप्पांच्या बंडीच्या खिशात जात आणि तिथून सोसायटीत, खतवाल्याकडे, डिझेलवाल्याकडे जात. अंड्याचे पैसे आजीच्या बटव्यात. माझी चौथीची शिष्यवृत्तीची पुस्तकं त्या बटव्यातून आली, आत्याच्या कानातलं त्यातून झालं, आणि पंढरपूरला जायचा खर्चसुद्धा त्याच बटव्यातून, ज्याबद्दल विठ्ठलाचं मत काय होतं ते कळायला मार्ग नाही. आईचा बटवा नाही, बोर्नव्हिटाचा डबा आहे. त्यात किती आहेत हे विचारायची रीत नाही. मी वहीत खर्चाच्या पानावर मक्याचा भरडा, लस, जाळी, दिवा हे सगळं मांडतो, आणि जमेचं पान रिकामं राहतं. कारण जमा डब्यात आहे. तेव्हा वहीप्रमाणे हा धंदा पहिल्या दिवसापासून तोट्यात आहे.

लस म्हटलं की आप्पांचा चेहरा बदलतो. माझ्या लहानपणी एका चैत्रात आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या मिळून साठ-सत्तर कोंबड्या आठवड्यात गेल्या. माना वाकड्या व्हायच्या, गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. मानमोडी. डॉक्टरी नाव राणीखेत. हा रोग 1926 साली इंग्लंडात न्यूकॅसलला दिसला म्हणून तिकडे त्याला त्या गावाचं नाव पडलं, आणि आपल्याकडे लगोलग कुमाऊंमधल्या राणीखेतला सापडला म्हणून त्या गावाचं. थंड हवेचं इतकं देखणं ठिकाण. पण आमच्या आप्पांसमोर कुणी सहलीला राणीखेतला जातो म्हणालं, तर ते दोन पावलं मागे सरकतात. पुढे 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारकडे नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आमच्यापासून ते कितीतरी लांब, तरी आप्पांनी महिनाभर खुराड्यात दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. स्वतः जाताना पाय धुऊन जायचे, देवळात जावं तसे.

म्हणून लसीचा दिवस आमच्याकडे सणासारखा. पाचव्या ते सातव्या दिवसात पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब. लस गार राहिली पाहिजे, तेव्हा थर्मासमध्ये बर्फ घालून ती तालुक्याहून आणायची; चहाचाच थर्मास आहे, त्यामुळे त्यानंतरचे दोन दिवस पाहुण्यांना चहा देताना बायको त्यांच्याकडे जरा अपराधी नजरेनं बघते. धाकटा पिल्लू धरतो, मी डोळा उघडतो, लेक थेंब टाकते, बायको टाकून झालेलं दुसऱ्या डालग्यात ठेवते, आणि आप्पा खुर्चीवर बसून ‘झालं का ह्याला? न्हाय, ह्याला न्हाय झालं, हे आत्ताचंच हाय’ असं म्हणत सगळ्यांचा गोंधळ करतात. एका पिल्लाला दोन थेंब गेले असतील, एखाद्याला एकही नाही. पण मानमोडी त्यानंतर आली नाही, आणि आप्पांचं ठाम मत आहे की ते खुर्चीवर बसतात म्हणून आली नाही.

कोंबड्यांत उतरंड असते. कोण कुणाला टोचू शकते हे पक्कं ठरलेलं. सर्वांत वरची सगळ्यांना टोचते, दुसरी तिला सोडून बाकीच्यांना, असं करत करत सर्वांत खालची कुणालाच नाही, तिला सगळ्या. थोरलेफ श्येल्डेरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं हे शोधून काढलं आणि 1922 साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. हा गृहस्थ लहानपणापासून कोंबड्यांच्या वह्या भरत होता म्हणे. जगातल्या सगळ्या कचेऱ्या, सगळी मंत्रिमंडळं आणि सगळ्या सासुरवाड्या ज्या गोष्टीवर चालतात ती एका पोरानं अंगणात बसून टिपली, आणि आमच्या घरात मी वही घातली तर ती चित्रांना जाते.

आमच्या उतरंडीत वरच्या मडक्यावर ‘पाटलीण’. ती दाण्यावर आली की बाकीच्या अर्धा पाऊल मागे होतात. तळाशी ‘काजळी’, काळी, हडकुळी, मानेवरची पिसं टोचून टोचून गेलेली. ती सगळ्यांचं झाल्यावर खाते, आणि रात्री खुराड्यात तिला धड काठी मिळत नाही म्हणून बऱ्याचदा ती शेवग्याच्या झाडावर चढून झोपते. आमच्या ‘एक कमी’चं अर्धं रहस्य शेवग्यावर असतं. हे ठाऊक असूनही आम्ही रोज आधी अडीच एकर फिरतो आणि मग वर बघतो. आधी वर बघितलं आणि ती तिथे नसली तर, अशी भीती असते.

कोंबडा एकच ठेवलाय, नाव ‘सरपंच’. जपानात नागोयाच्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की कोंबड्यांना मंद उजेडात, उजाडलं की नाही हे कळू न देता ठेवलं तरी ते ठरल्या वेळेलाच आरवतात. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटतंच, हे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. पण झाकलेल्या कोंबड्यालाही ते फुटल्याचं कळतं, हे आपल्या म्हणीत राहून गेलं. दोन वर्षांनी त्याच मंडळींनी असंही दाखवलं की पहिली बांग उतरंडीतला सर्वांत वरचा कोंबडा देतो, बाकीचे त्याच्या मागून. आमच्या घरी पहाटे पाचला आप्पा खोकतात. त्याआधी जाग आली तरी कुणी उठत नाही. यावर जपानात कुणी काम केल्याचं ऐकिवात नाही.

नावांचं एक दुखणं आहे. आजीचा नियम होता, नाव ठेवलेलं कोंबडं शिजत नाही. धाकट्यानं हा नियम ऐकला आणि दोन दिवसांत खुराड्यातल्या यच्चयावत प्राण्यांना नावं ठेवून टाकली. पहिल्या सात कोंबड्यांपैकी सहा जण, नावं पडायच्या आधीच, आखाडात आणि भैरोबाच्या जत्रेत मार्गी लागले होते म्हणून बरं. आता दारात पाहुणा आला, कोंबडा करायचा म्हटलं, की आम्ही तात्यांकडून विकत आणतो. तात्यांच्या कोंबड्यांना नावं नाहीत. घरी पंचवीसेक पक्षी असताना शेजारून विकत आणून पाहुण्याला रस्सा वाढायचा, आणि पाहुण्यानं बोटं चाटत म्हणायचं, ‘घरच्या कोंबडीची चवच न्यारी!’ आम्ही सगळे ताटात बघतो.

तात्या आमचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. आप्पांच्या वयाचे. दोघांचं बांधावरून एकदा वाजलं होतं, कशावरून ते आता दोघांनाही सांगता येत नाही, पण बोलताना अजून ‘अहो-जाहो’ करतात. त्याआधी ‘अरे-तुरे’ होतं. तात्यांचा कोंबड्यांवर आमच्यापेक्षा जीव, पण ते दाखवणं त्यांच्या रीतीत बसत नाही. दोन्ही घरच्या कोंबड्या दिवसभर एकत्रच चरतात, म्हणून खूण असते. आमच्या कोंबड्यांच्या पायात लाल चिंधी, आईच्या एका जुन्या इरकली लुगड्याच्या काठाची, आता विटून विटकरी झालेली. त्यांच्या पायात हिरवी. शिवाय तात्यांकडे एक ठेवणीतला लाल पटका आहे, भडक, कोरा करकरीत. तो यात्रेला आणि जवळच्या लग्नाला तेवढा निघतो. माझ्या लग्नात तो निघाला होता, त्यामुळे बांधावरचं भांडण मिटलं असं गावानं धरून चाललं.

या कोंबड्यांपायी गेल्या पाच वर्षांत आमचं सगळं घर मिळून कुठेही गेलेलं नव्हतं. दिवेलागणीला दार लावायला कुणीतरी हवं. रानमांजर वाट बघत असतं. एका रात्री दार उघडं राहिलं तर ते एक नेत नाही, सहा मारतं आणि एक नेतं. त्यामुळे लग्नाला चौघं गेले की दोघं मागे. कोल्हापूरला अंबाबाईला बायको आणि आई गेल्या, वर्षभरानं मी आणि आप्पा. सगळ्यांचा मिळून एक फोटो नाही. लेक म्हणते, आपण पण शिफ्टमध्येच राहतो.

या माघात कऱ्हाडला माझ्या मामेबहिणीचं लग्न निघालं आणि आईनं सांगून टाकलं, सगळ्यांनी जायचं, एक रात्र मुक्काम. मग कोंबड्या? आप्पा बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा मारत बसले आणि मग स्वतः उठून बांधावर गेले. परत आले ते म्हणाले, ‘बघतो म्हणालेत.’ निघताना धाकट्यानं कागदावर नावांची यादी लिहून तात्यांना दिली. तेवीस नावं. तात्यांनी ती चष्मा न लावता वाचल्यासारखी केली आणि बंडीत ठेवली.

रात्री लग्नघरी, पंगतीच्या गोंगाटात आप्पांचा फोन वाजला. आप्पा फोनवर ओरडूनच बोलतात, पण त्या दिवशी तात्यांचा आवाजही आम्हा सगळ्यांना ऐकू आला. ‘भरल्या! तेवीस भरल्या! झोपा निवांत!’ आप्पांनी दुसरी जिलबी मागितली. त्या रात्री आमचं सगळं घर एका खोलीत, एका सतरंजीवर ओळीनं झोपलं, आणि पाच वाजता आप्पा परक्या घरात खोकले तेव्हा सगळा मांडव उठला.

दुसऱ्या दिवशी पोचेपर्यंत दिवस कललाच होता. पिशव्या ओट्यावर टाकून सगळे तसेच खुराड्यापुढे. काठीनं, रंगानं, जोडीनं, फोटोतून, नावानं, मास्तरकीनं, जो तो आपल्या रीतीनं मोजत होता, आणि आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा सहाही जणांचा आकडा एकच आला. चोवीस.

‘काजळी शेवग्यावर नाही आज,’ धाकटा म्हणाला. ‘आत आहे. मग ही कोण?’

दाराजवळ, सर्वांत खालच्या काठीच्या टोकाला एक तांबूस तलंग बसली होती. अंग आखडून, भिंतीला चिकटून. मानेवरची दोन पिसं उपसलेली. एका रात्रीत तिला उतरंडीतली तिची जागा दाखवून झाली होती. तिच्या मानानं काजळी आज मधल्या काठीवर होती, जवळजवळ रुबाबात. लेकीनं बॅटरी खाली धरली. तलंगीच्या पायात लाल चिंधी होती. पण विटकी नाही. भडक, कोरी करकरीत लाल, कडा कात्रीनं नीट कापलेली.

आम्हाला सगळ्यांना ते एकदमच कळलं असावं. काल सांजेला बावीस भरल्या. शेवग्यावर बघायचं असतं हे तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नावांच्या यादीत ते नव्हतं. एकटा माणूस, बॅटरी घेऊन, दुसऱ्याच्या अडीच एकरात. आणि मग घरी जाऊन ठेवणीतली ट्रंक उघडली असणार.

आप्पा तिच्याकडे बघत उभे राहिले. ‘नेऊन द्यायला पाहिजे,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘पण काय सांगून?’

‘काय न्हाय सांगायचं,’ आई म्हणाली. ‘राहू दे तिला. अंड्यावर आलीय. पयली अंडी घातली की मी दीन काकूला नेऊन, बाळंतिणीला म्हणून.’

‘त्यांच्याकडे कोण बाळंतीण?’

‘असंल कुनीतरी.’

धाकट्यानं दार लावलं, कडी घातली. बांधापलीकडे तात्यांचीही मोजणी चालू होती. अंधारात त्यांची काठी खुराड्याच्या पत्र्यावर एकेकदा वाजत होती. मग ती थांबली. जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

‘भरल्या का हो?’ काकूंनी घरातून विचारलं.

‘भरल्या, भरल्या,’ तात्या म्हणाले.